‘डेसिमेट’ म्हणजे फक्त दहात एक? नाही

शब्दांची माहिती देणारा एक मेसेज हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : इंग्रजी ‘डेसिमेट’चा खरा अर्थ दहातला एक मारणे, रोमन सैन्य जिंकलेल्या शत्रूला ही शिक्षा देई, ‘प्रचंड संहार’ हा अर्थ हल्लीच्या पत्रकारांनी अज्ञानातून चिकटवला, म्हणून तो चूक.

आधी शत्रूचं बघू, कारण तिथे इतिहासच उलटा झालाय. ही शिक्षा रोमन सेनापती आपल्याच सैनिकांना देत. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने ती सविस्तर लिहून ठेवली आहे. तुकडीने मोक्याच्या वेळी पळ काढला की तिला सगळ्यांसमोर उभं करायचं, चिठ्ठ्या टाकायच्या आणि साधारण दहातल्या ज्या एकाची चिठ्ठी निघेल त्याला सोट्यांनी ठेचून मारायचं. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळत आणि छावणीच्या तटाबाहेर, उघड्यावर मुक्काम करावा लागे. अख्खी तुकडी मारणं परवडणारं नव्हतं. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते, ही धास्ती मात्र प्रत्येकाला बसायची. आणि हा काही नित्याचा प्रकार नव्हता. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालच्या गुलामांच्या बंडात रोमन सेनापती क्रॅससने आपल्या 500 पळपुट्या सैनिकांचे दहा-दहांचे 50 गट करून प्रत्येकातला एक मारला, तेव्हा त्याने कैक वर्षं बंद पडलेली शिक्षा पुन्हा सुरू केली, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

‘मारणे’ हाच एकमेव अर्थ, हेही टिकत नाही. 1655 मध्ये इंग्लंडात, राजेशाही उलथल्यावर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या पक्षातल्या जमीनदारांवर 10 टक्के कर बसवला. त्याचं नाव ‘डेसिमेशन टॅक्स’. त्यात कुणाचा जीव गेला नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा गेला.

‘हल्लीचे पत्रकार’ हा आरोप तर सरळ खोटा आहे. ‘मोठा भाग नष्ट करणे’ हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे आणि आजचे प्रमुख कोश तो बिनदिक्कत देतात.

मूळ अर्थ तोच खरा अर्थ, हा हट्ट मला भाषेवर अन्याय करणारा वाटतो. ‘प्रवीण’ म्हणजे मुळात वीणा वाजवण्यात तरबेज. म्हणून गणितात प्रवीण असलेल्याच्या हातात आपण वीणा शोधत नाही. ‘डिसेंबर’मध्येही ‘डेसिमेट’मधलाच लॅटिन ‘दहा’ आहे, तरी तो बारावा महिना आहे.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं नेली असं मानलं जातं. तिथे ‘डेसिमेट’ चपखल बसतो. पण ‘पूर्णपणे डेसिमेट’ किंवा ‘40 टक्के डेसिमेट’ लिहिलं की वाक्य अडखळतं. एकट्या माणसाला किंवा एका इमारतीलाही हा शब्द लागत नाही. त्याला समूह हवा आणि त्यातलं कुणी मागे उरलेलं हवं. कुणीच उरलं नसेल तर ‘अ‍ॅनिहिलेट’, म्हणजे समूळ नष्ट करणे, लिहा.