शतक सचिनचं, पराभव भारताचा? एका फॉरवर्डला एकदाचं उत्तर

"सचिनने शतक मारलं की भारत हरायचा." हे वाक्य आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा एकदा येऊन पडलं, आणि या वेळी पाठवणारा माझा भाचा. सचिन निवृत्त झाला तेव्हा हा दुपट्यात होता. फॉरवर्डमध्ये मुद्दे सहा: शतक म्हणजे पराभव, सामना कधी संपवला नाही, शंभरीसाठी रडतखडत खेळायचा, धावा सगळ्या केनिया-झिम्बाब्वेविरुद्ध, द्रविडने मुलतानला त्याला धडा शिकवला आणि फायनलमध्ये कायम गुल. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण पोरगं हे खरं मानून शाळेत वाद घालतंय, म्हणून लिहितो आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात जुना आणि सगळ्यात बिनडोक. सचिनची वन-डेतली शतकं ४९. त्यातले ३३ सामने भारत जिंकला, १४ हरला, एक टाय झाला, एक निकालाविना संपला. हा हिशेब कुठल्याही स्कोअरकार्डच्या साइटवर पाच मिनिटांत तपासता येतो, पण फॉरवर्ड करायला पाच सेकंद लागतात ना. सचिन एकूण ४६३ वन-डे खेळला, त्यातल्या २३४ भारताने जिंकल्या, म्हणजे जेमतेम निम्म्या. त्याने शतक केलेल्या सामन्यांत हेच प्रमाण तीनात दोन होतं. कसोटीत ५१ शतकं: २० विजय, २० अनिर्णित, ११ पराभव. 'शतक मारलं की हरतो' हे यातल्या कुठल्या आकड्यातून निघतं?

आता ते हरलेले सामनेच बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. १९९६ चा वर्ल्ड कप, दिल्ली, श्रीलंका. सचिन १३७, भारत ३ बाद २७१. त्या काळात हा स्कोअर पुरेसा वाटायचा. मग जयसूर्या आणि कालुविथरणा आले आणि पहिल्या तीन षटकांत ४२ धावा कुटल्या. मनोज प्रभाकरच्या चार षटकांत ४७ गेल्या, बिचारा शेवटी ऑफस्पिन टाकत होता. आपण हरलो. यात सचिनने काय करायला हवं होतं? १३७ ऐवजी ३७ वर आउट व्हायला हवं होतं?

त्याच वर्षी बर्मिंगहॅमची कसोटी. दुसऱ्या डावात भारत सर्वबाद २१९, सचिन १२२. त्याच्याखालोखाल सर्वाधिक धावा किती? मांजरेकरच्या १८. हा सामनासुद्धा 'शतक केलं म्हणून हरलो' च्या खात्यात मोजला जातो! २०११ चा नागपूरचा वर्ल्ड कप सामना घ्या. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १ बाद २६७ वरून आपण सर्वबाद २९६. सचिन १११ करून परतला आणि बाकीच्यांनी पत्त्यांचा बंगला पाडून दाखवला.

आणि कळस म्हणजे शारजा, २२ एप्रिल १९९८. वाळूचं वादळ, ऑस्ट्रेलिया, सचिनच्या १४३. तो सामना भारत २६ धावांनी हरला, तेव्हा त्या १४ पराभवांत हाही आहे. पण त्या तिरंगी स्पर्धेची फायनल गाठायला २३७ पुरेशा होत्या, त्या झाल्या, न्यूझीलंड बाहेर गेलं आणि दोन दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सचिनने फायनलमध्ये १३४ ठोकून कप आणला. फॉरवर्डवाल्याच्या हिशेबी आदली खेळी मात्र पनवतीची.

यात अर्धसत्य आहे ते एवढंच, आणि ते मान्य करायला जिवावर येतं: मिरपूर, १६ मार्च २०१२. शंभरावं शतक. १४७ चेंडूंत ११४. वर्षभर अडकलेल्या त्या शतकाचं ओझं प्रत्येक चेंडूवर दिसत होतं, मधली षटकं फार संथ गेली आणि बांगलादेशने २९० चं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं. त्या एका दिवसापुरता आरोप बऱ्यापैकी चिकटतो. वन-डेतल्या बाकीच्या ४८ शतकांना तो फासायचं कारण नाही.

'सामना कधी संपवला नाही' याचं मूळ चेन्नईच्या कसोटीत आहे, १९९९ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध. लक्ष्य २७१, भारत ५ बाद ८२. तिथून मोंगियाला घेऊन, पाठ धरलेली असताना, १३६. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन विकेट हातात होत्या. त्या तिघांत मिळून चार धावा झाल्या. हैदराबादच्या वन-डेत २००९ मध्ये ३५१ चा पाठलाग करताना एकट्याने १७५ केल्या, १९ हव्या असताना बाद झाला, आपण तीन धावांनी हरलो. दोन्ही वेळा तो शेवटपर्यंत टिकला असता तर बरं झालं असतं, हो. कसोटीच्या चौथ्या डावात त्याची शतकं तीनच, हेही खरं. पण त्यातलं तिसरं कुठलं ते फॉरवर्डमध्ये नाही. डिसेंबर २००८, पुन्हा चेन्नईच, इंग्लंडविरुद्ध ३८७ चं लक्ष्य. सेहवागने ६८ चेंडूंत ८३ करून दार उघडलं, सचिन नाबाद १०३. स्वानला पॅडल स्वीप, चौकार, त्यातच शतक आणि त्यातच विजय. याहून अजून किती संपवायचा सामना?

शंभरीचा हव्यास म्हणाल, तर हा माणूस वन-डेत १८ वेळा नव्वदीत थांबला आहे. एकट्या २००७ मध्ये तीनदा ९९ वर बाद. शतकासाठी जपून खेळणाऱ्याची लक्षणं मला तरी अशी दिसत नाहीत. सेंच्युरियनला २००३ मध्ये पाकिस्तानविरुद्ध ७५ चेंडूंत ९८, त्यातला शोएबला थर्डमॅनवरून मारलेला षटकार भाच्याला दाखवा कुणीतरी.

केनिया-झिम्बाब्वे. मोजा: झिम्बाब्वे ५, केनिया ४, नामिबिया आणि बांगलादेश प्रत्येकी एक. ४९ पैकी अकरा. एकट्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध नऊ, वर कसोटीत त्यांच्याविरुद्ध अकरा. आणि ज्या केनियाचं नाव घेऊन हसता, त्यांच्याविरुद्धचं ब्रिस्टलचं शतक १९९९ च्या वर्ल्ड कपमधलं. वडील गेले म्हणून सचिन मुंबईला आला होता. तो नसताना याच 'लिंबूटिंबू' झिम्बाब्वेने आपल्याला तीन धावांनी हरवलं. अंत्यसंस्कार उरकून तो परत गेला आणि नाबाद १४० केल्या. हे माहीत नसताना विनोद करू नयेत.

पाकिस्तानातल्या मुलतान कसोटीचं थोडक्यात. द्रविड हंगामी कर्णधार होता, सचिन १९४ वर असताना डाव घोषित केला, सचिनने नाराजी बोलून दाखवली. ३४८ चेंडू म्हणजे खेळी संथच, विशेषतः पलीकडे सेहवागच्या ३०९ असताना. पण 'धडा शिकवला' ही लिहिणाऱ्याची भर. भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, ते दोघे पुढे अनेक वर्षं एकत्र खेळले, विषय संपला.

राहिली फायनल. वर्ल्ड कपच्या दोन फायनलमध्ये ४ आणि १८, हे कुणी लपवलेलं नाही. पण वन-डे स्पर्धांच्या फायनलमध्ये सचिनची सहा शतकं आहेत. १९९८ मध्ये शारजात दोन, कोलंबोत आणि कोलकात्यात एकेक, मग २००८ ला सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाठलाग करताना नाबाद ११७ आणि २००९ ला पुन्हा कोलंबोत १३८. ते सहाही सामने भारताने जिंकले.