बफर फंड: सहकारनगरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. बाजार पडला तर तोट्याचा ठरलेला भाग झेलणारा आणि बदल्यात नफ्यावर मर्यादा घालणारा फंड म्हणजे बफर फंड; त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल, ही 'भित्र्यांना महागात विकलेली उशी' आहे, असं तुम्ही लिहिलंत. निम्मे पैसे एफडीत आणि निम्मे इंडेक्स फंडात टाकले की तेच काम होतं, हेही. दुसरं म्हणणं हिशेबापुरतं मला मान्य आहे. 'भित्रे' हा शब्द मात्र नाही.

आधी हिशेब, कारण लेखात मी तो घाईत उरकला होता. अमेरिकेत २०१८ पासून मिळणारे हे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड, वर्षभराचा सौदा करतात. निर्देशांकाच्या आजच्या पातळीचा पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) घ्यायचा, समजा १५ टक्के खालचा पुट विकायचा, आणि हा खर्च भरून काढायला वरचा कॉल (ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क) विकायचा. तो कॉल जिथे विकला, तिथे तुमचा नफा थांबतो. २०२२ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे १९ टक्के पडला; जानेवारी ते डिसेंबरच्या अशा फंडात खर्च सोडून चारेक टक्केच जातात. पण २००८ सारखा ३८ टक्के पडला, तर २३ टक्के तुमच्याच खिशातून. लाभांशही मिळत नाही. वर्षाच्या मध्येच घेतला तर बफर आणि नफ्याची मर्यादा दोन्ही बदललेल्या असतात. शिवाय आपण इथून घेतला तर रुपया-डॉलरची वरखाली त्या बफरमध्ये धरलेली नसते. म्हणून मी स्वतः घेतलेला नाही.

आता 'भित्रे'. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. पाडवा दोन दिवसांवर होता. कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात बाबा ओट्याला टेकून उभे, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी धरून एकेक फंड विकत होते. आईने पुढे ठेवलेल्या चहावर साय धरली होती. मी हात धरला, तर म्हणाले, "राहिलंय तेवढं तरी वाचू दे."

काका, त्यांचेही निम्मे पैसे एफडीतच होते. त्या दिवशी एफडीची पावती कपाटात होती आणि लाल आकडा डोळ्यांसमोर. वर्षभरात बाजार सावरून वर गेला, बाबा परतले नाहीत. बफर फंडामुळे एकूण तोटा थोडा कमी दिसला असता, तर ते थांबले असते, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी वरचा थोडा नफा सोडावा लागला असता, तर तो सोडण्यासारखा होता.

२००८ मध्ये तुम्ही एकही युनिट विकलं नाहीत, हे वाचून खरंच आदर वाटला. तेव्हा तुमचा पगार चालू होता ना? बाबांचा २०२० मध्ये नव्हता.