'निवृत्त माणसाचे चोचले' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

घरघंटीच्या (घरच्या पिठाच्या चक्कीच्या) झडपेवर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली 'एक अभियंता, पुणे' अशा सहीने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: पत्र्याच्या एवढ्याशा पट्टीसाठी फ्यूजन (संगणकावर ड्रॉइंग काढायचं ऑटोडेस्क कंपनीचं सॉफ्टवेअर) उघडून बसणं म्हणजे निवृत्त माणसाचे चोचले. पुठ्ठ्याचा साचा कापून, पेन्सिलीने आखून हे काम अर्ध्या तासात झालं असतं. फुकट परवाना कंपनी कधीही आवळेल, मग जुनी ड्रॉइंग्ज कशात उघडणार? त्यापेक्षा हौशी लोकांना फ्रीकॅड, म्हणजे तसंच पण पूर्ण मोफत सॉफ्टवेअर, शिकवा. आणि जाता जाता, "बडोद्यात वेळ भरपूर दिसतो" असा आहेर.

आपण वेळ काढून वाचलंत, लिहिलंत, आभार. टीकेचं मला वावडं नाही. पण माणसाचं वय काढायचं कारण काय? लेखात मी वय कुठेही लिहिलेलं नाही. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) धरलेल्या हाताच्या फोटोवरून आपण ते ताडलंत, म्हणजे नजर चांगली आहे. तीच नजर चार बोटं खाली, व्हर्नियरच्या आकड्यांवर गेली असती तर ही प्रतिक्रिया वेगळी झाली असती. आणि 'अभियंता' अशी सही करणाऱ्याने मापं सोडून माणसावर घसरावं, याचं जरा नवल वाटलं.

आता पेन्सिलीबद्दल. पेन्सिल मला शिकवू नका, एवढंच सांगतो. बडोद्याच्या कलाभवन या तांत्रिक संस्थेतून बाहेर पडल्यावर मी इथल्याच मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये बोर्डावर उभा राहून ड्रॉइंग्ज काढत होतो. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, कागद फाटू न देता, आणि वर नखाने घासून गुळगुळीत करायची म्हणजे नवी शाई फुटत नाही. ड्रॉइंगच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटच्या खोलीतून डोळे चोळतच बाहेर यायचं. साहेबांनी एका भोकाचा व्यास बदलला की तो समोरच्या दृश्यात बदला, वरच्या दृश्यात बदला, छेदात बदला, आणि चौथ्या ठिकाणी राहिलाच तर शॉपमधून फोरमन कागद फडकावत वर येणार. पेन्सिलीची किंमत तेव्हा महिनोन् महिने मोजली आहे. ज्यांनी ती मोजली नाही त्यांनाच ती स्वस्त वाटते. (आपण मोजली असेल तर आधीच माफी मागतो, पण प्रतिक्रियेवरून तसं वाटत नाही.)

पुठ्ठ्याकडे वळू. ही झडप म्हणजे हॉपरखाली (धान्य ओतायच्या पेटीखाली) दोन खाचांत सरकणारी स्टीलची पट्टी, पुढचं टोक काटकोनात वर वाकवलेलं, तेच हँडल. पत्रा 2 मिमी. बाहेरून मोजलं तर सरकणारा भाग 90 आणि हँडल 20. साचा ठेवून आखणारा माणूस बेरीज करणार, 110, आणि तेवढा पत्रा कापणार. पण पत्रा वाकताना बाहेरून ताणला जातो, आतून दाबला जातो. वाकाची आतली त्रिज्या 2 मिमी आणि के-फॅक्टर (जाडीत न ताणला, न दाबला जाणारा थर कुठे आहे ते सांगणारा आकडा) 0.44 धरला तर वाकणाऱ्या भागाची खरी लांबी 4.52 मिमी येते. सरळ भाग उरतात 86 आणि 16. सगळं मिळून एकशे साडेसहा मिलिमीटर. म्हणजे तुमच्या पुठ्ठ्याने साडेतीन मिलिमीटर पत्रा जास्त कापला. तेवढ्याने पट्टी मागच्या भिंतीला आधी टेकते, हँडल पुढे डोकावत राहतं, आणि वरचं झाकण लागत नाही. पुठ्ठा वाकतो तेव्हा यातलं काहीच कळत नाही, कारण पुठ्ठा चेपतो.

तुम्ही म्हणाल, हा हिशेब कागदावरही होतो. होतो, मी वर कागदावरच केला आहे. पण खाचा समांतर नव्हत्या त्याचं काय? मागच्या बाजूला अंतर 52, पुढे 51.4. हॉपर कुणीतरी कधीतरी ठोकून सरळ केलेला दिसतो. मी पट्टीची रुंदी फ्यूजनच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या मापांच्या यादीत, 'रुंदी' या नावाने ठेवली होती. तो एक आकडा 51.2 केला, आणि हँडलची रुंदी, मधली गोलाई, कोपऱ्यांचे रेडियस, सपाट पत्र्याचा आकार, सगळं आपोआप सरकलं. वाटाण्यासाठी जरा रुंद तोंड हवं म्हणून बायकोने सुचवलं तेव्हाही तसंच. एरवी ती या विषयात बोलत नाही, पण दळण तिचं.

आणि इथेच तुमचा माझा खरा मतभेद आहे. तुमचं म्हणणं, व्यावसायिक हत्यार व्यवसायासाठी, घरी पट्टी-पेन्सिल पुरे. माझं उलट आहे. कारखान्यात हजार नग काढायचे असतात. पहिले पाच वाया गेले तर ट्रायल म्हणून भंगारात टाकतात, कुणी विचारत नाही. मला एकच नग करायचा असतो. लेझर कटिंगवाला एका पट्टीसाठी मशीन लावताना आधीच तोंड वाकडं करतो, कमीत कमी चार्ज घेतो, आणि दुसऱ्यांदा गेलो तर "काका, पाछा आव्या?" (परत आलात?) म्हणून हसतो. एकच नग असतो म्हणूनच ड्रॉइंग पक्कं लागतं. स्केचची डीएक्सएफ (कटिंग मशीनला वाचता येणारी ड्रॉइंगची फाइल) पेनड्राइव्हवर नेली, त्याने उघडली, कापली. मापं तोंडी सांगायची वेळ आली नाही. मापं तोंडी सांगून काय होतं हे ज्याने फर्निचर करून घेतलं आहे त्याला विचारा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हे सॉफ्टवेअर चालवायला बऱ्यापैकी संगणक लागतो, जुन्या लॅपटॉपवर मॉडेल फिरवताना पंखा विमानासारखा ओरडतो, हे लेखात यायला हवं होतं. पुढच्या भागात लिहीन. आपला हा आक्षेप नव्हताच, पण मुद्दा रास्त आहे म्हणून सांगितलं.

परवान्याचं म्हणाल तर, सगळं ठाऊक आहे. वैयक्तिक परवान्यात एका वेळी दहाच फाइली बदलता येतात, बाकीच्या नुसत्या बघायच्या. या कामांतून वर्षाला हजार डॉलरहून जास्त कमाई झाली तर तो परवाना चालत नाही. माझी कमाई शून्य आहे, त्यामुळे ती चिंता नाही. 2020 मध्ये त्यांनी स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) काढायची सोयही बंद करायचं ठरवलं होतं, आरडाओरड झाली, मागे घेतलं. मी प्रत्येक कामाची स्टेप वेगळी ठेवतो. त्यात पॅरामीटर राहत नाहीत हे खरं, पण आकार राहतो. झालं.

फ्रीकॅड चांगलं आहे, कोण नाही म्हणतं? नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आलं, एक कडा बदलली की पुढची सगळी फीचर्स कोसळायची तो जुना त्रासही बराच कमी झाला म्हणतात. सवडीने बघू.

राहिला बडोद्याचा वेळ. दादासाहेब फाळके इथे आले, कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण असलं काय काय शिकले. तेव्हा पुण्याहून कुणी "वेळ भरपूर दिसतो" असं कळवलं असेल तर त्याची नोंद कुठे सापडत नाही. मी फाळके नाही, हे लगेच लिहून टाकतो, नाहीतर त्यावर तुमची दुसरी प्रतिक्रिया यायची. पण सयाजीरावांनी हे कलाभवन काढलं ते हातकामाचं, तांत्रिक शिक्षण देण्यासाठी. त्या गावात बसून एका माणसाने स्वतःच्या घरघंटीची झडप नीट मापात काढली तर त्यात चोचले कसले? सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसून राजकारण करण्यापेक्षा बरं.

असो. पुठ्ठ्याने अर्ध्या तासात होतं म्हणता ना? मग करून दाखवा. हॉपरची सगळी मापं त्या लेखात आहेत, खाचांची दोन्ही टोकांची सुद्धा. पट्टी कापा, वाकवा, झाकण लागतं का बघा आणि फोटो पाठवा. व्हर्नियर शेजारी ठेवून काढलात तर इथेच छापतो, आणि या खेपेला हाताकडे बघून मीही कुणाचं वय काढणार नाही.