सुहासची टीटी आणि संज्याचं एव्हरेज

सुहास सेकंडहँड ऑडी टीटी बघतोय हे कोल्हापुरातल्या अख्ख्या मिरजकर तिकटीला आधीच माहीत होतं, त्यामुळं शनिवारी रात्री जमलो तेव्हा विषय काढायची वेळच आली नाही. २०११ ची, टू लिटर टर्बो, काळी, डीएल पासिंग, दुसरा मालक, साडेबारा सांगतोय आणि बाराला देईल असं सुहासचं म्हणणं. फोटो ग्रुपवर सगळ्यांनी बघितलेले. तरी संज्यानं पहिला प्रश्न तोच विचारला जो तो कुठलीही गाडी बघितली की विचारतो, उद्या रोड रोलर दाखवला तरी विचारेल.

"एव्हरेज किती?"

"गावात आठ-नऊ."

"आठ!" संज्यानं चहाचा कप खालीच ठेवला. "आरं बारा लाखात नवीन एसयूव्ही येते, सनरूफवाली. पंचवीसच्या सप्टेंबरपासून जीएसटी पण उतरलाय. पाच माणसं बसतात, डिकी आहे, रिसेल आहे. आणि तू पंधरा वर्षं जुनी, दोन दाराची, आठचं एव्हरेज देणारी गाडी आणणार? ती पण दिल्लीची?"

"संज्या," अश्विनी म्हणाली, "तू भाकरी खायला बसलास तरी विचारतोस काय रे, एका भाकरीत किती किलोमीटर जातो म्हणून?"

अश्विनीची ओळख करून द्यायला पाहिजे, कारण त्या रात्री कामाचं बोलली ती एकटीच. उद्यमनगरात तिच्या वडलांचं मशीन शॉप आहे, आता तीच बघते. पंपाचे पार्ट, व्हॉल्व्ह, कुणाचा तुटलेला शाफ्ट, कुणाची चेंबलेली हाउसिंग, सगळं तिच्याकडं येतं. गाडीबद्दल ती बोलायला लागली की मी मधे बोलत नाही. संज्या बोलतो.

"दिल्लीवाले गाड्या फुकून टाकायला लागलेत, ती पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद करायची भानगड," संज्या म्हणाला. "म्हणूनच स्वस्त आहे. कचरा आपल्या गळ्यात."

"दोन हजार अकराची आहे म्हणजे धुराच्या नियमात बीएस-फोर. सुप्रीम कोर्टाच्या पंचवीसच्या डिसेंबरातल्या ऑर्डरनंतर बीएस-फोरला तिथंसुद्धा सध्या हात लावत नाहीत. म्हणजे कोर्टाच्या भीतीनं विकत नसणार तो." मग सुहासकडं वळून, "तू त्याला एवढंच विचार, घाई कसली आहे. कारण कोर्ट नसेल तर गिअरबॉक्स असेल."

सुहासचा चेहरा जरा उतरला. पण गडी अभ्यास करून आलेला. पंच्याण्णवला फ्रँकफर्टला कन्सेप्ट दाखवली, अठ्ठ्याण्णवला रस्त्यावर आली, हंगेरीत ग्यॉरच्या कारखान्यात बनायची, नाव आइल ऑफ मॅनच्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीवरून, ही सेकंड जनरेशन २००६ ची, बॉडीत पोलादापेक्षा ॲल्युमिनियम जास्त, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बनवायचीच बंद केली. हे सगळं एका दमात. संज्यानं मधेच जांभई दिली, मला ते आवडलं नाही. माणूस एखाद्या वस्तूबद्दल इतकं मनापासून बोलतोय तर ऐकून घ्यावं की. आणि सुहासचं खरंच आहे, असली छोटी, बुटकी, दोन दाराची गाडी आता कुणी बनवायला तयार नाही, सगळ्यांना उंच डबेच पाहिजेत. आपल्याकडं तर कधीच धड आल्या नाहीत. टोयोटाची जीटी ८६ आपल्या शोरूममध्ये कधी लागलीच नाही, आली ती टीटी, निस्सानची ३७० झेड, आणि नंतर मस्टँग, त्या पण मोजक्या. मग हौसेच्या माणसानं जुनी नाही घ्यायची तर काय घ्यायचं?

"ॲल्युमिनियमचं बोललास ते बरं झालं," अश्विनी म्हणाली. "विज्या, तू जुनी गाडी बघायला गेलास की काय करतोस?"

विज्याची ट्रॅव्हल्स आहे, आठ-दहा गाड्या हाताखालून गेल्यात. "चुंबक लावतो. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय."

"हिच्या बॉनेटला आणि पुढच्या फेंडरला चुंबक चिकटणारच नाही, नवीकोरी असली तरी. दारं आणि डिकीचं झाकण लोखंडी, पुढचा भाग ॲल्युमिनियम. तिथं रंगाची जाडी मोजायचं मीटर लागतं, ॲल्युमिनियमवर चालणारं. आणि ठोकलेली निघाली तर आपल्या डेंटरकडं नेऊ नकोस, लोखंडाच्या हातोडीनं ॲल्युमिनियम ठोकून वाट लावतात."

विज्या म्हणाला च्यायला हे माहीतच नव्हतं. मला पण नव्हतं.

मग ती खरी सुरू झाली. या गाडीचा सांगाडा आणि बरंच काही स्कोडा लॉराशी नातं सांगणारं, त्यामुळं सस्पेन्शनचे बुश, ब्रेक, सेन्सर यातलं कितीतरी लॉराचं बसतं आणि पुण्या-मुंबईत मिळतं, तेवढ्यासाठी ऑडीचा डबा आणि ऑडीचं बिल कशाला. गिअरबॉक्स सहा स्पीडचा ओल्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, लोक ज्याला शिव्या घालतात तो सात स्पीडचा कोरड्या क्लचचा वेगळा. हा दणकट आहे, पण साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो, आणि पहिला मालक बदलतो, दुसरा चालढकल करतो, तिसऱ्याच्या हातात मेकाट्रॉनिकचं, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं बिल येतं. इंजिन चेनवालं असेल तर ती चेन ताणून धरणारा टेन्शनर जुना आहे का सुधारलेला ते बघायचं, आणि हजार किलोमीटरला तेल किती पितं ते विचारायचं, कारण त्या काळातल्या या इंजिनांना पिस्टन रिंगमुळं तेल प्यायची खोड होती. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळं व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, तो अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याचा मारा करून काढतात.

"अक्रोड?" संज्या.

"होय, अक्रोड. तुझ्या डोक्यासाठी पण सांगितलं होतं काकूंनी, तू खाल्ला नाहीस."

सगळे हसले, संज्या पण हसला, पण त्याच्या हातात आयतं कोलीत मिळालेलं. "बघ सुहास! चेन, तेल, गिअरबॉक्स, अक्रोड. मी काय म्हणत होतो?"

"तू हे म्हणतच नव्हतास," अश्विनी म्हणाली. "तू नको म्हणतोयस. मी घे म्हणतोय. फरक ऐक. गाडी बारा लाखाची झाली म्हणून तिचे पार्ट बारा लाखाच्या गाडीचे होत नसतात, ते अजून चाळीस लाखाच्या गाडीचेच आहेत. मॅग्नेटिक शॉकॲब्जॉर्बर असतील तर एकेक हाताला चटका देतो. म्हणून बाराची गाडी पंधराची समजायची. बारा त्याला दे, तीन बाजूला ठेव आणि ते फक्त तिच्यावर घाल. पंधरा नसतील तर बाराची बघूच नकोस, नऊची बघ. एवढं जमत असेल तर संज्याला काय वाटतं त्याला काडीची किंमत नाही."

माझंही मत अगदी हेच आहे आणि ते मी तिथंही सांगितलं. स्वस्तातल्या स्पोर्ट्स गाड्या वाईट नसतात, सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवून घेतलेल्या वाईट ठरतात. मग माणूस तेल बदलायचं पुढं ढकलतो, टायर गुळगुळीत होईपर्यंत चालवतो, आणि शेवटी गाडीला नावं ठेवत अजून स्वस्तात विकतो. उलट किमतीची जी मोठी घसरण असते ती पहिल्या मालकानं सोसलेली असते. संज्याची नवी एसयूव्ही तीन वर्षांत जेवढी उतरली तेवढी ही टीटी इथून पुढं उतरणार नाही, नीट ठेवली तर.

हे म्हटल्यावर संज्या भडकला. एसयूव्हीचं नाव काढलेलं त्याला चालत नाही. ती गाडी कव्हर घालून उभी असते, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही आणि साहेब ॲक्टिव्हावर फिरतात.

"गुंतवणूक म्हणून बघायला शिका," तो म्हणाला. "पैसा वाढला पाहिजे."

"तुझा प्लॉट एनए झाला काय?" विज्यानं इतक्या शांतपणे विचारलं की दोन सेकंद कुणी काही बोललंच नाही. मग जे हसू फुटलं ते पलीकडच्या पानपट्टीपर्यंत गेलं. हा प्लॉट म्हणजे आमच्या कट्ट्याचं जुनं दुखणं आहे, संज्यानं आम्हा सगळ्यांना घ्यायला लावायचा प्रयत्न केला होता, अश्विनीच्या वडलांच्या डोक्यात पण भरवत होता, आणि अजून तिथं ऊसच आहे. त्यावरून गोव्याची ट्रिप निघाली, ज्यात यानं टोल, पाणी आणि गाडीला घातलेली हवा असा सगळा हिशोब एक्सेल शीटमध्ये मांडून सगळ्यांना पाठवला होता, हवेचे पण पाच भाग केले होते. संज्या म्हणाला हिशोब म्हणजे हिशोब. विज्या म्हणाला माझी गाडी होती, तिचं भाडं लावलं होतंस काय शीटमध्ये? ते अजून मिटलेलं नाही, त्या रात्री पण मिटलं नाही.

आरटीओचं विज्यानं पटापट सांगितलं. दिल्लीची एनओसी, आरसीवर बँकेचा बोजा चढलेला नाही ना, पेंडिंग चलन किती, मग एमएच ०९ पासिंगसाठी इथला टॅक्स. आयात गाडीला टॅक्स चढा, वयाप्रमाणे कमी होतो पण हिशोब मूळ किमतीवरून धरतात, त्यामुळं आधी आकडा काढून घे आणि मग भाव कर. आणि यंदा पंधरा पूर्ण होतायत म्हणजे नूतनीकरण. साध्या गाडीला २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले, आयात गाडीला ४०,०००. थर्ड पार्टी विमा दीड हजार सीसीच्या वर ७,८९७, तो काही मोठा नाही. हे सगळं त्या तीन लाखातून नाही हं, वेगळं, असं अश्विनीनं मधेच बजावलं.

संज्यानं मग ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल काढलं. त्याच्याकडं एक फॉरवर्ड आलाय त्यात इंजिन आतून विरघळतं असं लिहिलंय. अश्विनी म्हणाली इंजिन विरघळत नाही, जुने रबर पाईप आणि सील खराब होऊ शकतात, ते आधीच बदलून घ्यायचे, एव्हरेज थोडं पडणार, आणि गाडी महिनाभर टाकी भरून उभी ठेवायची नाही. "म्हणजे तू ठेवतोस तशी नाही."

रस्त्यांचं मात्र संज्या बरोबर बोलला, ते मान्य केलं पाहिजे. आमच्याकडचे स्पीडब्रेकर कुणी कुठल्या मापानं घालतं देव जाणे, बुटकी गाडी तिरकी घालून काढावी लागते, आणि साताऱ्याकडचा हायवे तर वर्षानुवर्षं डायव्हर्जनमधेच आहे. पण सुहासला पुण्याला जायला गाडी नकोच आहे. घरी वॅगन आर आहे. त्याला रविवारी सकाळी सहाला आंबा घाटात जायचंय, पन्हाळ्यावर जायचंय, करूळ घाट वर्षभर बंद होता तो सुरू झालाय तिकडून उतरून यायचंय, दहाला घरी येऊन पोहे खायचेत. यात कुणाचं काय जातंय?

"हौसेला मोल नसतं हे मान्य, पण ऐपत बघावी," संज्या म्हणाला.

"दसऱ्याला महाराजांची मेबॅक बाहेर काढली की सगळ्यात पुढं फोटो काढायला कोण घुसतंय?" विज्या म्हणाला. "गेल्या वर्षी तर पोलिसानं ढकलला तुला."

"ती महाराजांची गाडी आहे!"

"मग ही सुहासची."

मला हे फार पटलं. छत्तीस सालची गाडी या गावानं आजपर्यंत सांभाळली, डोक्यावर घेऊन नाचलं, आणि रात्रपाळ्या करून पैसे साठवलेल्या पोरानं एक जुनी कूपे सांभाळतो म्हटलं की त्याला एव्हरेज विचारायचं हे काही बरं नाही. सुहासला मी तिथंच सांगितलं, तपासून घे पण घे.

शेवटी ठरलं की गाडी न बघता टोकन द्यायचं नाही. अश्विनी स्कॅनर आणि जाडीचं मीटर घेऊन दिल्लीला जाणार, सुहास जाणार, आणि भाव करायला संज्या. होय, संज्याच, कारण भाव करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, दिल्लीवाला रडेल.

"येताना मी कुठं बसू?" संज्यानं विचारलं.

"मागं. सीट आहे मागं," सुहास म्हणाला.

अश्विनीनं फोटो मोठा करून मागची सीट दाखवली. तिथं शाळेतलं पोरगं पण मान तिरकी करून बसतं. संज्यानं फोटो बघितला, मग स्वतःच्या पोटाकडं बघितलं. विज्या म्हणाला सोळाशे-सतराशे किलोमीटर आहे, एकदा घातला की कोल्हापुरातच काढायचा, मधे काढला तर परत बसणार नाही. अश्विनी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मी रेल्वेनं येतो," संज्या म्हणाला. "पण तिकिटाचं कोण देणार?"

विज्यानं खिशातून मोबाईल काढला. "थांब, शीट उघडतो."