पॉवर सप्लायमधे काटकसर नको
गेमिंग पीसी जोडण्यावरच्या या लेखात बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डला द्या म्हटलंय ते अगदी बरोबर, पण पॉवर सप्लाय (सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा भाग) उरलेल्या पैशात बघा हे नाही पटलं. बिननावाचा स्वस्त सप्लाय जळताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड सगळं सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि ८० प्लसचा स्टिकर फक्त वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, आतलं प्रोटेक्शन कसंय ते नाही, त्यामुळे त्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचूनच घ्या. रॅम १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, ड्युअल चॅनलने (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात) खरंच फरक पडतो, इनबिल्ट ग्राफिक्सवर (वेगळं कार्ड न लावता) गेम खेळणार असाल तर जास्तच. आणि बायोसमधे (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायचं सेटिंग, चालू करा प्लीज, बरेच जण विसरतात मग रॅम कमी स्पीडलाच चालत राहते. आरजीबी (रंगीत लाइटवाले) फॅन काय, नंतर कधीही लावता येतात.