कंटेनर कुठे आहे ते कळतं, खलाशी कुठे अडकलाय ते नाही

सप्लाय चेनबद्दल हल्ली जे बोललं जातं ते सगळं एआय, रोबोट आणि डॅशबोर्डभोवती फिरतं. मी स्वतः प्लॅनिंगमध्ये काम करते, दिवसभर डॅशबोर्डच बघते, आणि ही साधनं मला हवीच आहेत. त्यांच्याशिवाय आज एवढा पसारा आवरणं शक्य नाही. पण माल कुठवर आलाय हे मिनिटामिनिटाला बघायची सोय आपण केली आणि तो हलवणारी माणसं कुठल्या अवस्थेत आहेत हे बघायचं राहूनच गेलं. माझ्या मते आजच्या सप्लाय चेनमधला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

2020 आठवा. जगातला साधारण 80 टक्के व्यापारी माल समुद्रमार्गे जातो. कोविडच्या काळात बंदरं माल उतरवून घेत होती, पण खलाशांना उतरू देत नव्हती. सीमा बंद, विमानं बंद, व्हिसा बंद. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकलेले होते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार कुणालाही सलग 11 महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवायचं नसतं. प्रत्यक्षात काहींना दीड वर्षाच्या आसपास घर दिसलं नाही. थकलेला माणूस इंजिन रूममध्ये किंवा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, रात्रपाळी करतो तेव्हा धोका त्याला असतो, जहाजाला असतो आणि मालालाही असतो. तरी त्याच जहाजांवरच्या कंटेनरची ईटीए, म्हणजे पोहोचण्याची अंदाजे वेळ, ग्राहकांना वेळच्या वेळी जात होती.

पुढच्याच वर्षी, 23 मार्च 2021 ला, 400 मीटर लांबीचं एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. कालवा अडला ते सहा दिवस सगळ्यांना पाठ आहेत. पण सुटल्यावर भरपाईच्या वादात ते जहाज 7 जुलैपर्यंत तिथल्याच सरोवरात रोखून धरलं होतं आणि त्यावरचा क्रू भारतीय होता, हे किती जणांच्या लक्षात आहे? कालवा मोकळा झाला, माल पुढे वाहायला लागला आणि बातमी संपली. हे मला फार लागतं.

आता रोजच्या कामाकडे येते, कारण खरं नुकसान तिथे गुपचूप होत असतं. वेअरहाऊसमध्ये स्कॅनर सांगतो, अमुक बिनमध्ये, म्हणजे रॅकच्या खणात, 12 नग आहेत. पिकर, म्हणजे ऑर्डरचा माल काढणारा कामगार, तिथे जाऊन उभा राहतो, तर बिन रिकामं. इकडे प्रत्येक पिकला लागणारा वेळ मोजला जातोय. मुरलेल्या पिकरला ठाऊक असतं की खोकी सारखी दिसतात, त्यामुळे माल लावताना कुणीतरी तो एक खण खाली ठेवला असणार. पण वाकून शोधत बसलं तर तासाचं टार्गेट हुकतं. म्हणून तो ‘शॉर्ट’ मारतो, म्हणजे माल नाही अशी नोंद करतो, आणि पुढच्या ऑर्डरकडे वळतो. सिस्टिम स्टॉक शून्य धरते, नवी ऑर्डर लावते, आणि पुढच्या मोजणीत तोच माल दुप्पट सापडतो. नेमकी गोष्ट त्या माणसाला माहीत होती, फक्त ती सांगायला स्कॅनरवर जागाच नव्हती. मग याच आकड्यांवर मागणीच्या फोरकास्टचं मॉडेल शिकतं आणि आपण मॉडेल बदलायच्या मीटिंग लावतो.

अशी गडबड साखळीत वर जाताना फुगत जाते. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत हे स्पष्ट दिसलं होतं. बाळं तेवढीच, रोजचा वापर जवळपास तेवढाच, पण दुकानदार, वितरक, कारखाना, कच्चा माल पुरवणारा, अशा प्रत्येक पायरीवर ऑर्डरचे चढउतार वाढत गेले. हाऊ ली हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या ‘बुलव्हिप इफेक्ट’ची कारणं मांडली. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की यात कुणी वेड्यासारखं वागत नसतं. प्रत्येक जण समोर आलेल्या ऑर्डरवरून शहाणपणानेच निर्णय घेतो, पण खरी विक्री किती झाली हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणजे माहिती एकमेकांना द्यायला कुणी तयार नाही, दुखणं विश्वासाचं आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी माहिती वाटून घेण्यासाठी 2018 मध्ये ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेन (सगळ्यांकडे सारखी राहणारी डिजिटल नोंदवही) प्लॅटफॉर्म आणला. नोव्हेंबर 2022 मध्ये तो गुंडाळत असल्याचं जाहीर करताना त्यांनी कारण दिलं ते हेच, की संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही.

आणि विश्वास असेल तर काय होतं? 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच्या सगळा तिथून यायचा. लागेल तेव्हाच माल मागवायच्या जस्ट-इन-टाइम पद्धतीमुळे हाताशी साठा जेमतेम. टोयोटाची जपानमधली असेंब्ली जवळजवळ ठप्प झाली. पण दोनशेच्या आसपास कंपन्या मदतीला धावल्या. ड्रॉइंग वाटली गेली, ज्याच्याकडे जी मशीन होती त्यावर जुळवाजुळव झाली. त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदरही होती. पैसे किती, पेटंटचं काय, हे आधी ठरवत कुणी बसलं नाही. काही दिवसांत व्हॉल्व्ह येऊ लागले आणि आठवड्याभरात उत्पादन पुष्कळसं रुळावर आलं. एकाच व्हेंडरवर अवलंबून राहणं चूकच होतं. सावरता आलं ते वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या माणसांमुळे. दर तिमाहीला दोन पैसे स्वस्त देणारा नवा व्हेंडर शोधणाऱ्या कंपनीसाठी असं कुणी धावून येईल असं मला वाटत नाही.

म्हणून कॉस्ट कटिंगमध्ये पहिल्यांदा जुना स्टोअरकीपर, अनुभवी डिस्पॅचवाला आणि ‘रिकामा बसलेला’ प्लॅनर कमी होतो, तेव्हा मला त्या बचतीच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. ती माणसं म्हणजेच सेफ्टी स्टॉक, अडचणीसाठी राखलेला साठा, असतात, ताळेबंदात न दिसणारा.

सुरुवात करायला नवं सॉफ्टवेअरही लागत नाही. पिकरच्या स्कॅनरवर ‘बिन चुकलंय, माल इथे आहे’ एवढा एक पर्याय द्या आणि तो वापरणाऱ्याचा वेळ टार्गेटमध्ये धरू नका. जहाज कंपनीशी करार करताना भाड्याबरोबर क्रू वेळेवर बदलतो का, हेही विचारा. आणि ट्रक गेटवर आल्यापासून डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेला, लागेपर्यंत ड्रायव्हर किती तास ताटकळला, ते दर आठवड्याच्या रिव्ह्यूमध्ये घ्या. गेट एंट्रीची वेळ नोंदलेली असते, डॉकची वेळही असते. दोन्हींची वजाबाकी तेवढी करायची आहे.