विद्युतरोधक, पण पूर्ण गप्प नाही

स्पिन लिक्विडवरचा (म्हणजे ज्या पदार्थात अणूंचे चुंबकीय स्पिन कडाक्याच्या थंडीतही ठरावीक रचनेत गोठत नाहीत, त्यावरचा) लेख आवडला, पण 'स्पिन लिक्विड विद्युतरोधक असल्याने कमी ऊर्जेच्या प्रकाशाला दादच देत नाही' हे वाक्य खटकलं. हर्बर्टस्मिथाइटचंच बघा. स्पिन लिक्विड असावं असं मानलं जाणारं हिरवट खनिज, तांब्याचे अणू कागोमे जाळीत, म्हणजे जपानी बांबूच्या टोपलीच्या विणीसारखे. २०१३मध्ये एमआयटीतल्या गटाने त्यावर टेराहर्ट्झ किरणं, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाशच, सोडली, तेव्हा अगदी क्षीण का होईना, शोषण दिसलंच. वारंवारता वाढेल तशी वाहकता (म्हणजे या शोषणाचं माप) साधारण १.४ घाताने वाढत होती. लख्ख गॅप, म्हणजे ज्याच्या खालची ऊर्जा पदार्थ शोषूच शकत नाही असा उंबरठा, असता तर असा उतार दिसला नसता. स्पिनॉनला (स्पिन लिक्विडमधल्या, फक्त स्पिन वाहणाऱ्या कणासारख्या घटकाला) विद्युतभार नसतो, तरी अंतर्गत गेज क्षेत्रामार्फत (पदार्थाच्या आतच उद्भवणाऱ्या, विद्युतचुंबकीय क्षेत्रासारख्या क्षेत्रामार्फत) तो प्रकाशाशी जोडला जातो, असं त्याचं स्पष्टीकरण. मात्र जस्ताच्या जागी घुसलेलं तांबं या स्फटिकात असतंच आणि शोषण त्याचंही असू शकतं, त्यामुळे मी याला 'पुरावा' म्हणायला अजून धजत नाही.